हे कुटुंब कोणाचे?

मराठी भाषेत काही शब्द असे आहेत, की त्यांच्या नावावर कोणताही माल खपून जातो. ‘घरगुती’ म्हटले की खानावळीतली कालची आमटी खपते. ‘साजूक’ म्हटले की भेसळीचे तूप खपते. आणि ‘कौटुंबिक’ म्हटले की पडद्यावरचा वाटेल तो गाळ घरोघर सुखाने जाऊन पोचतो. पहिल्या दोन फसवणुकी पोटापुरत्या असतात, वैद्याकडे गेले की भागते. तिसरी मात्र मनात उतरते, आणि तिच्यावर औषध देणारा वैद्य अजून जन्माला यायचा आहे. म्हणून या दिवाळीला, फराळाची ताटे अजून पुढ्यात आहेत तोवर, मी त्या तिसऱ्या शब्दाच्या वतीने फिर्याद मांडणार आहे.

मी कोणी समीक्षक नव्हे, हे आधीच सांगून टाकतो. मी येताजाता पाहणारा माणूस. शेंगा सोलता सोलता, पेपर चाळता चाळता, जेवणाचे ताट येईपर्यंत जे काही पडद्यावर चालले असेल ते पाहणारा. ‘अशा माणसाला मत देण्याचा अधिकार काय?’ असे कोणी विचारील. अहो, अधिकार त्यालाच! या मालिका शेंगा सोलणाऱ्यांसाठीच तर काढलेल्या असतात. आणि येताजाता पाहणाऱ्याला एक गोष्ट कळते, ती रोज नेमाने पाहणाऱ्याला कधीच कळत नाही. ती ही, की पंधरा दिवस मालिका पाहिली नाही तरी काही म्हणता काही हुकत नाही. पंधरा दिवसांपूर्वी जी सासू जिन्यावर उभी राहून डोळे वटारत होती, ती अजून त्याच जिन्यावर असते. आमच्या नारायणगावच्या बाजूला टोमॅटोच्या वावरात पंधरा दिवस गैरहजर राहून पाहा. परत येईपर्यंत झाडावर करपा, बाजारात वेगळा भाव आणि दारात खतवाला उभा असेल. ज्या घरात पंधरा दिवसांत काहीच घडत नाही ते घर मराठी माणसाचे नाही, एवढे तरी निश्चित.

तर हे घर आहे कोणाचे? आमच्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतली घरे मला ठाऊक आहेत. त्यांत पहाटे चारला धारेला उठणारी बाई आहे. ओतूरच्या बाजारात कांद्याची पिशवी किती रुपयांना गेली यावर त्या रात्रीचे जेवण गोड की कडू हे ठरते. मंचरला बटाटा, जुन्नरला द्राक्षे, नदीकाठी ऊस, आणि पश्चिमेला सह्याद्रीच्या अंगाला हिरडा गोळा करून चार पैसे करणारी आदिवासी कुटुंबे. डिंभे धरणात गाव गेलेली, नवा पत्ता आणि जुनी आठवण दोन्ही सांभाळणारी घरे आहेत. उसात बिबट्याच्या माद्या पिले घालतात आणि माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र चालते, असा हा मुलूख. शेतीपंपाला वीज दिवसा द्या म्हणून इथला शेतकरी वर्षानुवर्षे घसा फोडतो आहे. कुठे कुठे आता सूर्यशक्तीवरची वीज दिवसा मिळू लागली आहे, पण रात्रीच्या पाण्याची पाळी ज्याच्या नशिबी आली त्याला आजही बॅटरी आणि काठी घेऊन अंधारात जावे लागते.

आता डोळ्यांपुढे आणा. रात्रीचे साडेआठ. घरधनी पाणी द्यायला उसात गेला आहे. घरात टीव्हीवर भरजरी शालू नेसून झोपायला निघालेली एक सून आपल्या जावेच्या दुधात काहीतरी कालवते आहे, आणि ढोलताशांच्या कडकडाटात तिचा चेहरा तीनदा दाखवला जातो आहे. टीव्हीसमोर बसलेल्या बाईचे डोळे पडद्यावर आहेत आणि कान आहेत वावराकडे. मी विचारतो, या दोहोंत कौटुंबिक कोणते? जावेचे दूध, की त्या बाईचे कान? तुमच्या तीन-तीन हजार भागांत त्या कानांना एक तरी भाग मिळाला का?

तीन हजार हा आकडा मी तोंडाला येईल तसा फेकत नाही. ‘चार दिवस सासूचे’ २००१ साली सुरू झाली आणि २०१३ पर्यंत चालली. तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. रोहिणी हट्टंगडींसारखी थोर अभिनेत्री तीत होती, तेव्हा अभिनयाला नावे ठेवण्याचे कारणच नाही. पण म्हणीतले चार दिवस सासूचे अकरा वर्षे चालावेत, आणि राहिलेले चार दिवस सुनेच्या वाट्याला केव्हा येणार याचा पत्ता लागू नये, हा विनोद त्या म्हणीच्या कर्त्यालाही सुचला नसता. २०१९ साली ‘आई कुठे काय करते’ आली. शीर्षक ऐकून मी शेंगा बाजूला ठेवल्या. वा! प्रश्न असावा तर असा. आपल्याकडल्या प्रत्येक घराने स्वतःला विचारावा असा. पहिले काही दिवस त्या प्रश्नाची धार जाणवत होती. पुढे २०२४ अखेरपर्यंत ती मालिका चालली, आणि मूळ प्रश्न नवऱ्याच्या, त्याच्या दुसऱ्या बायकोच्या आणि मुलांच्या लग्नांच्या गर्दीत कुठे गेला तो येताजाता पाहणाऱ्याला शेवटपर्यंत सापडला नाही. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मध्ये नवऱ्याने टाकलेली राधिका मसाल्यांचा धंदा उभा करते. हा खरोखर मराठी बाईचा पराक्रम. पण मसाला भाजताना येणारा ठसका, उधारी, गिऱ्हाइकाची घासाघीस, बँकेचे खेटे हे सारे पडद्याला कंटाळवाणे वाटते, आणि नवऱ्याची फजिती तेवढी रोज नव्याने गोड लागते!

आता यावर ठराविक उत्तर येते : ‘आम्ही काय करणार? लोकांना हेच हवे.’ हे उत्तर आमच्या नारायणगावात येऊन कोणी देऊ नये. कारण लोकांना काय हवे याची परीक्षा इथे पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. जत्रांचा हंगाम जवळ आला की इथे फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे पुढारी येतात, घासाघीस होते आणि सुपाऱ्या ठरतात. फडाचा खेळ रंगला नाही तर प्रेक्षक तिथल्या तिथे सांगतो, आणि पुढल्या वर्षी सुपारी दुसऱ्याच्या राहुटीत जाते. टीव्हीचे तसे नाही. देशातल्या काही हजार घरांत मोजणीच्या पेट्या बसवलेल्या असतात, आणि त्यांच्यावरून कोट्यवधींची आवड ठरते. पेटीला संच चालू होता एवढे कळते. समोर बसलेली बाई रडत होती, पेंगत होती, की कान वावराकडे लावून बसली होती, हे पेटीला कळत नाही. अशा पेटीचा कौल घेऊन ‘लोकांना हेच हवे’ म्हणणे म्हणजे देवळातली घंटा मोजून भक्ती किती ते सांगण्यासारखे आहे.

आणि तमाशाचा विषय निघालाच आहे, तर मनात सलणारी गोष्ट बोलून टाकतो. ‘कौटुंबिक’ या शब्दाने सर्वांत मोठा अन्याय केला तो याच गावावर. तमाशा म्हणजे कुटुंबाने पाहू नये असा प्रकार! घरंदाज बाईने त्या तंबूकडे पाहायचेही नाही. पण तंबूच्या आत काय होते? एक राबणारे कुटुंब होते. भाऊ-बापू नारायणगावकरांचा फड हा दोन भावांचा फड. भाऊंची लेक विठाबाई त्यात वाढली, नाचली, गायली आणि तिनेच तो पुढे अंगावर वाहिला. पोटात नऊ महिन्यांचे मूल घेऊन ती बोर्डावर उभी राहिली, खेळ चालू असताना मागे जाऊन बाळंत झाली आणि पुन्हा प्रेक्षकांपुढे आली, ही हकीकत महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते. १९६२ च्या युद्धानंतर ती सरहद्दीवरच्या जवानांपुढे नाचली. राष्ट्रपतींच्या हस्ते तिचा गौरव झाला. २००२ साली ती गेली तेव्हा तिचे अखेरचे दिवस हलाखीत गेल्याचे सर्वांनी हळहळून सांगितले, आणि आज तिच्या नावाने सरकार जीवनगौरव पुरस्कार देते. बापाचा धंदा, बहिणी-भावांची पोटे, पोरींची लग्ने, फडातल्या माणसांचे पगार हे सारे एका बाईच्या चाळांवर तोललेले. याहून कौटुंबिक कथा कोणती? पण ती सोवळ्यात बसत नाही. जिन्यावर डोळे वटारणारी, दुधात विष कालवणारी शालूतली बाई सोवळ्यात बसते, कारण तिचा पदर जागेवर असतो!

इथेच सारी मेख आहे, वाचकहो. आपण ‘कौटुंबिक’ शब्दाचा अर्थ ‘सोज्ज्वळ’ असा करून ठेवला. पदर ढळला नाही, शिवी आली नाही, चुंबन दिसले नाही, की झाले कौटुंबिक. मग त्यात सासूने सुनेचा, सुनेने नणंदेचा आणि नणंदेने साऱ्या खानदानाचा घात केला तरी चालतो. पोरांना मांडीवर घेऊन आपण तो घात पाहतो. नवी सून घरात आली की तिच्या प्रत्येक हसण्यामागे काय डाव असेल, याची तालीम रोज संध्याकाळी अर्धा अर्धा तास घरातच चालू असते. अश्लीलता डोळ्यांना दिसते, म्हणून तिच्यावर पहारा बसतो. संशयाला कसला आला पहारा? तो उदबत्तीच्या वासाबरोबर आत येतो.

माझे म्हणणे असे आहे : जे घराविषयी खरे बोलते ते कौटुंबिक. त्यात काय दाखवले, किती दाखवले हा पुढचा प्रश्न. आणि खरे बोलून मराठी माणसाला रिझवता येत नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी इतिहास पाहावा. आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ने १९५४ साली राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळवले. त्यानंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय सुवर्णकमळ मराठीला पुन्हा मिळायला ‘श्वास’ची, म्हणजे २००४ सालची, वाट पाहावी लागली. मध्ये पन्नास वर्षे गेली. एका चित्रपटात कर्ज, गरिबी आणि आईचा मृत्यू. दुसऱ्यात डोळ्यांच्या कर्करोगाने दृष्टी गमावणारा नातू आणि त्याला शेवटचे जग दाखवायला रुग्णालयातून बाहेर घेऊन जाणारा आजा. दोन्ही निखळ कौटुंबिक. आणि दोन्हींत जिन्यावर उभी राहून कट शिजवणारी बाई नाही. घराला छळायला गरिबी, आजार आणि काळ पुरेसे असतात, त्यासाठी जावेला राक्षसीण करावे लागत नाही.

‘पण ही रडकी उदाहरणे झाली,’ असे कोणी म्हणेल. मग हसरी घ्या. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले आणि त्याच दशकात चिं. वि. जोशींचा चिमणराव दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने घरोघर आला. बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ त्याच्या सोबतीला. त्या घरात पैसा कमी, खोल्या कमी, फजित्या मात्र पोटभर. लोक खदखदून हसले, कारण त्या फजित्या त्यांच्याच होत्या. २०१४ सालच्या ‘एलिझाबेथ एकादशी’त पंढरपूरची दोन पोरे आपली सायकल वाचवण्यासाठी यात्रेत बांगड्यांचे दुकान मांडतात. २०१८ च्या ‘नाळ’मध्ये एका लहानग्याला आपली आई आपली जन्मदाती नव्हे हे कळते, आणि त्याचे सारे जग हलते. २०२३ साली ‘बाईपण भारी देवा’ आला तेव्हा बायका नऊवार नेसून, घोळक्याने, घरी स्वयंपाकाची चिंता न करता चित्रपटगृहांत गेल्या. कोणी हाक मारली होती त्यांना? एका चित्रपटाने त्यांच्या वयाची, त्यांच्या मोडलेल्या बहीणपणाची गोष्ट खरी सांगितली, एवढेच. त्या आधी १९९१ च्या ‘माहेरची साडी’नेही बायकांच्या पदरांना पाणी लावले होते. तो चित्रपट मला अतिरंजित वाटतो, हे मी लपवत नाही. पण त्या रडण्यामागे सासरी गेलेल्या हजारो लेकींचे खरे दुःख होते, आणि तेवढ्यापुरता मी त्याच्यापुढे टोपी काढतो.

आणि तमाशावरचा ‘सांगत्ये ऐका’? १९५९ साली अनंत माने यांनी तो काढला आणि पुण्याच्या विजयानंदमध्ये तो दोन वर्षांहून अधिक चालला. दोन वर्षे काय नुसत्या फेटेवाल्यांनी तिकिटे काढली असतील? ज्या मायमाउल्यांना जत्रेतल्या तंबूची वाट बंद होती, त्यांना हंसा वाडकर आणि जयश्री गडकर यांनी चित्रपटगृहात नेऊन बसवले आणि फडावरच्या बाईचे सुखदुःख दाखवले. कुटुंबाला काय पचते याचा निकाल त्याच वेळी लागला होता. आपण तो फाईलबंद करून ठेवला.

दुसरा एक आक्षेप मला मनापासून मान्य आहे, म्हणून त्याला आदराने उत्तर देतो. तो आमच्या मायबहिणींचा. ‘दिवसभर राबून आम्हाला तेवढाच अर्धा तास मिळतो, तोही तुम्हाला बघवत नाही का?’ बाई, बघवतो. तो अर्धा तास तुमचा हक्काचा आहे, आणि त्यात तुम्ही काय पाहावे हे सांगणारा मी कोण? माझे भांडण तुमच्या विरंगुळ्याशी नाही. त्या अर्ध्या तासाची किंमत ज्यांना कळली नाही, त्यांच्याशी आहे. पहाटेपासून खपलेली बाई आपला एकुलता एक मोकळा अर्धा तास हातात घेऊन येते आणि बदल्यात तिला काय मिळते? तिच्याच जातीची निंदा! बाई म्हटली की ती एक तर रडणारी, नाही तर रडवणारी. २००४ साली आदेश बांदेकर ‘होम मिनिस्टर’ घेऊन साध्या साध्या घरांत जाऊ लागले, तेव्हा लोक त्यांच्यावर एवढे का लुब्ध झाले? पैठणीसाठी? पैठणी होतीच. पण त्याहून मोठे म्हणजे खऱ्या घरातल्या खऱ्या बाईला कोणीतरी विचारले, ‘वहिनी, तुमचे लग्न कसे जमले?’ आणि ती बोलली, आणि शेजारी बसलेला नवरा निमूटपणे ऐकत राहिला. ते कार्यक्रमातले खेळ पोरकट असतील, पण त्या दहा मिनिटांत एका घराने स्वतःविषयी बोलून घेतले.

आज आमच्या तालुक्यांत कोणता प्रश्न घरोघर जळतो आहे, सांगू? शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही. बागायत आहे, विहिरीला पाणी आहे, बंगला आहे, तरी तिशी ओलांडलेला मुलगा घरात बसून आहे. आणि याच घरातली आई आपल्या लेकीसाठी पुण्याचा नोकरीवाला नवरा शोधते आहे, वावर नको म्हणते आहे! लेकीला नोकरीवाला हवा आणि लेकाला शेतावर राबणारी हवी, हे दोन्ही एकाच माउलीच्या तोंडून एकाच संध्याकाळी निघते. तिला खोटी कशी म्हणावे? लेकीच्या बाबतीत तिने स्वतःचे आयुष्य तोलून पाहिलेले असते. यात दुःख आहे, विनोद आहे, प्रश्न आहे आणि माणसेही आहेत. तीनशे भाग सहज निघतील. कुठे आहे ही मालिका?

इतिहासाच्या बाबतीत तरी परिस्थिती बरी आहे. आमच्याच नारायणगावचे डॉ. अमोल कोल्हे २००८ साली ‘राजा शिवछत्रपती’त शिवराय झाले आणि २०१७ साली ‘स्वराज्यरक्षक संभाजी’त शंभूराजे. शिवनेरीच्या पायथ्याची पोरेसुद्धा त्या वेळी हातातली कामे टाकून घरी धावत. त्या मालिकांत लोक आई, लेक, नातू यांच्यातली माया पाहत होते, आणि त्या मायेला कामाची, जबाबदारीची जोड होती. जिजाऊ केवळ रडत बसल्या असत्या तर शिवनेरीला कोण विचारते?

आणि बाई घरात करते काय, हे दाखवण्याची परंपरा या तालुक्यात आजची नाही. जुन्नरहून नाणेघाटात जा. तिथल्या लेण्यात दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांनी आपल्या कुटुंबाचे चित्रच दगडात उभे केले होते. मूर्ती गेल्या, पावले तेवढी उरली, पण वरची नावे वाचता येतात. सिमुक राजा, राणी नागनिका आणि सातकर्णी, राजकुमार, आणि त्यांच्याच रांगेत एक महारठी, जो राणीचा पिता असावा असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे सासर आणि माहेर एका ओळीत! बाजूच्या भिंतींवरचा लेख राणी नागनिकेचा समजला जातो. त्यात यज्ञ किती केले, गाई किती दिल्या, घोडे, हत्ती, कार्षापणे किती वाटली याचा चोख हिशेब आहे. महाराष्ट्राच्या या जुन्या कौटुंबिक चित्रात बाई हिशेब सांगते. आजच्या चित्रात ती चाव्यांचा जुडगा कमरेला लावून दार लावते. एवढ्यासाठी का आपण दोन हजार वर्षे चाललो?

गंमत पाहा. १९७१ साली नारायणगावजवळ आर्वीला उपग्रहाशी बोलणारे भूकेंद्र उभे राहिले. खोडदला आणि त्याच्या आसपास ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत आणि दूरच्या तारकांचे क्षीण स्वर ऐकत आहेत. आणि त्यांच्याच शेजारच्या घराच्या कौलावर जी वीतभर छत्री बसवली आहे, ती सगळ्या आकाशातून वेचून काय आणते, तर सासूची किंकाळी! यात छत्रीचा दोष नाही. वरून जे सोडाल ते ती खाली आणील.

तेव्हा लिहिणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की एकदा आमच्याकडे या. आळेफाट्याला उतरा, चहा घ्या, एखाद्या ओसरीवर चार रात्री काढा. आळ्याला ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आहे. रेडा वेद बोलला असे आम्ही मानतो, तर तुमच्या पात्रांच्या तोंडून एक खरे वाक्य निघेल, असेही मानायला आम्ही तयार आहोत. आणि घरातल्यांनो, तुम्हाला एक विनंती. भाऊबीजेला लेकी माहेरी येतील, घर भरेल. हल्ली प्रत्येकाच्या हातात स्वतंत्र मोबाइल असतो, तरी त्या रात्री सगळे मिळून एक काहीतरी पाहा. चित्रपट पाहा, मालिका पाहा, तमाशावरचा जुना बोलपट पाहा. पदर ढळला की नाही हे मोजू नका. संपले की संच बंद करा आणि एकमेकांना विचारा, ‘यातले आपल्या घरात काय आहे?’ कोणालाच काही आठवले नाही, तर पुन्हा ते लावू नका. आणि कोणी लेक हळूच बोलायला लागली, किंवा कोपऱ्यातला पस्तिशीचा मुलगा काही सांगू लागला, तर मोटर चालू करायला त्या रात्री दोघे मिळून जा, पण त्याचे बोलणे पुरे होऊ द्या.